जुनी स्प्लेंडर घरी चालू करायचीय? ब्लॉक बोअर करायला लातूरच्या या दुकानात जा

जुनी बंद गाडी घरच्या घरी चालू करायची म्हणलं तर बहुतेक सगळं काम आपल्या हातानं होतं. कार्बोरेटर खोलता येतो, वायरिंग लावता येतं, ब्रेक शू, केबल, चेनसेट, क्लच प्लेट सगळं होतं, पान्याचा सेट आणि धीर एवढंच पाहिजे. पण ब्लॉक बोअर करणं, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरची झिजलेली भिंत मशीनवर थोडी कापून परत गोल करणं, घरी होतच नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की गाडी पुढं कित्येक वर्षं चालणार का चार महिन्यात निळा धूर सोडणार हे त्या एकाच कामावर ठरतं. म्हणून गाडीबद्दल कमी आणि ज्यांनी माझा ब्लॉक बोअर केला त्या दुकानाबद्दल जास्त लिहायलोय.

दुकान लातूरला, बार्शी रोडनं एमआयडीसीच्या बाजूला. नावाची पाटी नाही, शटरवर नुसतं बोअरिंग, होनिंग, लेथ वर्क असं रंगवलेलं आहे, त्यामुळं मी पण नाव सांगू शकत नाही. साठीच्या पुढचे एक चाचा आणि त्यांचा मुलगा, दोघंच काम करतात. बाहेर बघितलं तर ट्रॅक्टरचे हेड, पाण्याच्या पंपाचे शाफ्ट, डिझेल इंजिनचे लायनर पडलेले, मोटरसायकलचं काम तसं कमीच.

गाडी आमच्या चुलत्यांची, एमएच २४ पासिंगची जुनी स्प्लेंडर. स्प्लेंडर १९९४ ला बाजारात आली, ही त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. औसा तालुक्यात शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याशेजारी उभी होती, सीट उंदरांनी खाल्लेली आणि किक जाम, एक इंच पण खाली जाईना. हे असं का होतं ते सांगतो. इंजिन थांबतं तेव्हा कधीकधी एखादा वॉल (व्हॉल्व्ह) उघडाच राहतो, मग सायलेन्सरकडनं किंवा कार्बोरेटरकडनं पावसाळ्याची दमट हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची बिडाची भिंत दोन्ही गंजून एकमेकाला धरतात. अशा गाडीच्या किकवर उभं राहून उड्या मारणारे लई बघितले, त्यानं किकचे दाते जातात नाहीतर रिंग तुटून भिंतीला ओरखडा काढते. प्लग काढायचा, आत डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल सोडायचं आणि तसंच राहू द्यायचं, रोज मॅग्नेटकडनं पान्यानं हलक्या हातानं मागंपुढं हलवून बघायचं. आमची तशीच सुटली. मग हेड काढलं, ब्लॉक काढला, आणि जिथं रिंगा अडकल्या होत्या तिथं भिंतीवर तांबूस पट्टा, त्यात नखाला लागतील असे खड्डे.

आता मुद्द्याचं. आधी मी जवळच्याच एका दुसऱ्या दुकानात ब्लॉक दाखवला होता. तिथं त्यांनी आत बोट फिरवलं आणि म्हणले पन्नास पॉइंट (म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा बोअर) मारून देतो, संध्याकाळी या. पिस्टन कुठंय हे विचारलं नाही, गेज काढलं नाही, काहीच नाही. मी ब्लॉक उचलला आणि निघालो. तिथनं एका ट्रॅक्टर मेकॅनिकनी मला चाचांकडं पाठवलं.

चाचांनी ब्लॉक हातात घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न, "पिस्टन लाए क्या?" म्हणलं नाही चाचा, आधी बोअर करून घेतो मग त्या मापाचा आणतो. तर म्हणले, "ऐसा नई होता बेटा. पहले पिस्टन लाव, मैं पिस्टन कू नापूंगा, फिर उसके हिसाब से काटूंगा." बघा, याच्यातच सगळं आलं. कारण डब्यावर ०.५० लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन अगदी त्याच मापाचा निघत नाही, थोडा इकडंतिकडं असतो. आणि पिस्टन आणि भिंतीमधली फट असते एक-दीड थाउ. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी. एवढ्याशा फटीत पिस्टनचा फरक धरला नाही तर गाडी गरम झाल्यावर जाम होणार नाहीतर थंडीत पिस्टन खडखड वाजणार. म्हणून कुठल्या पण गावात, कुठल्या पण दुकानात, पिस्टन न मागता बोअर करून देतो म्हणणाऱ्याला ब्लॉक देऊ नका.

मग त्यांनी डायल गेज काढलं आणि माप घेतलं. वर, मधी, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं दोन्ही बाजूनं. मी विचारलं एवढं कशाला, तर समजावून सांगितलं. पिस्टन खाली जाताना कनेक्टिंग रॉड तिरपा असतो म्हणून पिस्टन एका बाजूला जास्त दाबला जातो, तिकडची भिंत जास्त झिजते आणि गोल बोअर ओव्हल होतो. आणि वरच्या टोकाला जिथं रिंग वळते तिथं उष्णता जास्त आणि ऑइल कमी म्हणून तिथं झीज सगळ्यात जास्त, खाली जवळजवळ नाहीच. सगळी मापं खडूनं ब्लॉकच्या बाहेरच्या पंखांवरच (फिन्सवर) लिहिली. एवढं मन लावून गिऱ्हाइकाला सांगणारा माणूस मला आजपर्यंत या धंद्यात भेटला नव्हता.

स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसी, बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे मिळतात, म्हणजे एक ब्लॉक नीट वापरला तर चार वेळा बोअर होऊ शकतो. माझ्या डोक्यात होतं सरळ मोठा पिस्टन टाकू, ताकद वाढेल, गावात सगळे असंच म्हणतात. चाचांनी ते लगेच बाजूला ठेवलं. म्हणले जेवढ्यात खड्डे निघतील तेवढंच काटायचं, बीड उरलं पाहिजे पुढच्या वेळेला. ०.२५ मध्ये खड्डे निघत नव्हते म्हणून ०.५० ठरलं. मोठं काटून द्यायला त्यांना मेहनत तेवढीच आणि पैसे पण तेवढेच होते, तरी गिऱ्हाइकाचा पुढचा विचार केला.

पिस्टन किट मी चांगल्या कंपनीचं आणलं, हजाराच्या आसपास गेलं. चाचांनी पिस्टन मायक्रोमीटरनं मापला, तो पण वरनं नाही, खालच्या स्कर्टला आणि पिनच्या आडव्या दिशेनं, कारण पिस्टन पण पूर्ण गोल नसतो, वर लहान आणि खाली मोठा असतो. बोअरिंगची मशीन जुनी, उभ्या बारची. ब्लॉक बसवताना सेंटर खालच्या न झिजलेल्या भागावरनं धरला, वरच्या झिजलेल्या भागावरनं धरला असता तर सगळा बोअरच तिरपा गेला असता. शेवटचा कट एकदम बारीक आणि हळू. मापाला थोडं कमी ठेवून थांबले आणि उरलेलं होनिंगच्या, म्हणजे बारीक घासायच्या दगडानं काढलं, मधी मधी पिस्टन घालून, पुसून, परत मापून.

होनिंगबद्दल एक गोष्ट लई जणांना माहीत नसते. बोअर काचेसारखा चकचकीत झाला म्हणजे काम भारी, असं लोक समजतात. तसं नाही. भिंतीवर एकमेकाला छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत, त्या रेघांत ऑइल थांबतं आणि नवीन रिंगा त्यावर घासून बसतात. एकदम गुळगुळीत असलं तर रिंगा बसतच नाहीत आणि नवीन पिस्टन असून गाडी ऑइल खाते. माझ्या ब्लॉकमध्ये उजेडाकडं धरून बघितलं तर वरपासून खालपर्यंत एकसारख्या रेघा होत्या, कुठं ओरखडा नाही, जुना एक पण खड्डा राहिलेला नाही.

ब्लॉक देताना चाचांनी सांगितलेलं काम घरी नक्की करा, ते सोडलं तर त्यांच्या मेहनतीचा उपयोग नाही. होनिंगच्या दगडाची बारीक पूड त्या रेघांत बसलेली असते, ती पेट्रोल-डिझेलनं नीट निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशनं घासायचं, मग पांढऱ्या कपड्याला ऑइल लावून आतनं पुसायचं, कपडा काळा पडायचा थांबेपर्यंत. आणि धुतल्या धुतल्या कोरडं करून ऑइल फिरवायचं, ताजं कापलेलं बीड बघता बघता गंजतं. नंतर रिंग एकटी बोअरमध्ये घालून पिस्टननं सरळ ढकलून फीलर गेजनं तोंडाची फट बघितली, माझ्या सगळ्या बरोबर निघाल्या. फट अजिबात नसेल तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकाला भिडतात आणि रिंग तुटते. हेडचे वॉल मी घरीच पेस्ट लावून घासले आणि पोर्टमध्ये पेट्रोल ओतून गळती बघितली, त्याला दुकानाची गरज नाही.

दुकानाच्या कमी पडणाऱ्या बाजू पण सांगायला पाहिजेत. वेळ पाळत नाहीत. परवा या म्हणलं तर अजून दोन-चार दिवस धरून चाला, त्यात लाइट गेली की मशीन बंद. सोयाबीनच्या राशी चालू असताना तर जाऊच नका, तेव्हा मळणीयंत्र आणि ट्रॅक्टरची कामं आधी होतात आणि ते बरोबरच आहे, शेतकऱ्याची रास पावसात भिजण्यापेक्षा आपली गाडी आठ दिवस थांबलेली परवडली. पक्कं बिल मिळत नाही. हेडच्या वॉल सीटचं कटिंग करत नाहीत, ते दुसरीकडं न्यावं लागतं. बोअरिंग-होनिंगचे माझ्याकडनं पाचशे घेतले, आधीच्या दुकानात साडेतीनशे सांगितले होते. हे दीडशे रुपये मला अजिबात जास्त वाटत नाहीत.

आता कुणी म्हणेल एवढी खटपट कशाला, तयार ब्लॉक किट मिळतंय की पिस्टनसकट, दुकानातनं आणा आणि बसवा. मिळतं, खरंय, आणि ज्याचा ब्लॉक फुटलाय किंवा १.०० पण संपलंय त्यानं तेच घ्यावं. पण लोकल किटचं बीड कसं असेल ते बघून कळत नाही, आणि जुना कंपनीचा ब्लॉक वर्षानुवर्षं तापून थंड होऊन स्थिर झालेला असतो. तो चांगला असेल तर भंगारात घालायला माझं मन होत नाही. चुलत्यांनी ज्या इंजिनावर गाव ते लातूर आयुष्यभर ये-जा केली तेच इंजिन फिरलं पाहिजे अशी पण माझी इच्छा होती, हे लपवत नाही.

काम काढायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, आरसी. १५ वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि पुढं दर ५ वर्षांनी, उशिराचा दंड महिन्यावर चढतो, कागद नसलेल्या गाडीत पैसे घालू नका. दुसरं, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे रबर वॉशर सगळे नवीन टाका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आपल्याकडच्या उसाच्या कारखान्यांतनं पण ते जातं, जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते ओल ओढतं आणि टाकी आतनं गंजते.

गाडी आता चालायलीय. थंड इंजिनाला चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या किकला उचलते, धूर नाही, ऑइलची पातळी हललेली नाही, पिस्टनचा आवाज नाही. पहिलं ऑइल मी लवकर बदललं, त्यात बारीक चकाकी होती, नवीन रिंगा बसताना ती येतेच. सध्या पन्नासच्या वर पळवत नाही आणि डबलसीट चढाला नेत नाही, पहिले पाचशे किलोमीटर असंच चालवायला चाचांनी बजावलंय.

जाणार असाल तर ब्लॉक, नवीन पिस्टन, पिन आणि रिंगा सगळं सोबत न्या, ब्लॉकला चिकटलेलं जुनं पॅकिंग घरूनच खरवडून न्या. शुक्रवारी दुपारी नमाजसाठी दुकान बंद असतं. सकाळी अकराच्या आत गेलात तर चाचा स्वतः भेटतात आणि माप तुमच्यासमोर घेतात.