चेसापीकवर घेतलेली जुनी कॅटॅलिना ३०: दोन सीझन झाले, आता खरं सांगतो

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू बोटीचा आहे आणि ती ज्या बाजारातून घेतली त्याचाही आहे, कारण एकाबद्दल बोलताना दुसरं येतंच. १९८७ ची कॅटॅलिना ३०, शिडाची तीस फुटी बोट, अमेरिकेत मेरिलँडला, चेसापीक या मोठ्या उपसागरावर, ॲनापोलिसच्या जवळच्या एका मरिनातून, म्हणजे खाजगी बोटी लावायच्या धक्क्यावरून, साडेनऊ हजार डॉलरला घेतली. बाबांना डोंबिवलीला फोन केला तर पहिला प्रश्न, "अरे एवढ्यात तिकडे धड जुनी गाडी पण येत नाही म्हणतोस ना, मग बोट कशी आली? फुटकीबिटकी आहे का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फुटकी नव्हती. फक्त कोणाला नको होती.

२०२३ च्या वसंतात ती लिस्टिंगवर आली तेव्हा १९,५०० लिहिले होते. जुलैत १६,९००, सप्टेंबरमध्ये १२,९००. आम्ही ऑक्टोबरमध्ये बघायला गेलो आणि ऑक्टोबर हा महिना लक्षात ठेवा, कारण तेव्हा मालकाच्या डोक्यावर हिवाळा असतो, म्हणजे बोट पाण्याबाहेर काढा, स्टँडवर उभी करा, आत पाणी गोठून फुटू नये म्हणून इंजिनात आणि पाण्याच्या पाइपांत ते गुलाबी अँटिफ्रीझ भरा, ताडपत्री घाला, आणि हे सगळं अशा बोटीसाठी जी त्याला विकायचीच आहे. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला परत पाण्यात घालतात ना, तसंच इथे थंडीत, फक्त इथे वर ओढायचं बिल येतं. मालक सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दोन वर्षं शीड उघडलं नव्हतं. आम्ही नऊ म्हटलं, साडेनऊला पटलं.

आता हे असं का होतंय, तर माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य कारण फायबरग्लास. लाकडी होडी कुजते, मरते, संपते. या फायबरग्लासच्या बोटी मरतच नाहीत! सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत अशा बोटी धडाधड बनल्या, एकट्या कॅटॅलिना ३० च्याच शेवटपर्यंत एकूण सहा हजारांच्या वर निघाल्या, आणि त्यातल्या कितीतरी अजून तरंगतायत. ज्यांनी तेव्हा तरुणपणी घेतल्या ते आता म्हातारे झाले आणि सगळे एकाच वेळी विकायला निघालेत. घेणारे कोण? माझ्या ऑफिसातली तिशीतली मुलं वीकेंडला दोन तास तासाभाड्याची मोटरबोट घेतात आणि चावी परत देऊन घरी जातात, त्यांना जाऊन सांगून बघा की बाबा रे दर वर्षी बोटीच्या बुडाला रंग लावायचा असतो.

मध्ये कोविडमध्ये, २०२०-२१ ला, उलटं झालं होतं, घरात बसून कंटाळलेल्या लोकांनी जे तरंगतं ते विकत घेतलं आणि भाव चढले, विकणाऱ्यांच्या डोक्यात अजून तेच भाव बसलेत. मग २०२२ पासून व्याजदर वाढले. तुम्ही म्हणाल साडेनऊ हजाराच्या बोटीला लोन कोण काढतो, कोणीच नाही, पण ज्याला चाळीस फुटी घ्यायची होती तो लोन महाग म्हणून थांबला, मग चाळीस फुटीवाल्याने भाव पाडला, मग पस्तीसवाल्याला पाडावा लागला, आणि सगळ्यात खाली आमची तीस फुटी, तिला पाडायला जागाच उरली नाही.

ब्रोकरबद्दल. नाव नाही लिहीत, कारण माणूस वाईट नव्हता, पण फोन उचलायचा नाही. नंतर लक्षात आलं की कमिशन दहा टक्के, ते मालक देतो, म्हणजे माझ्या बोटीवर ९५० डॉलर, त्यासाठी तो तीनदा मरिनात का येईल? त्याच्याकडे तीन लाखाची बोट पण होतीच की. त्याने "अशाच बोटींचे भाव" म्हणून जो कागद दिला त्यात सगळे मागितलेले भाव होते, विकले गेलेले एकही नाही. प्रत्यक्ष कितीला गेली हे ब्रोकर लोकांना त्यांच्या सिस्टिमवर दिसतं, आपल्याला दिसत नाही. तेव्हा स्पष्ट विचारा, मागच्या वर्षभरात या मॉडेलच्या ज्या गेल्या त्या कितीला गेल्या ते सांग. मी विचारलं तेव्हा दोन मिनिटं गप्प बसला आणि मग सांगितलं. तिथेच माझे तीनेक हजार वाचले असतील.

सर्व्हेवर, म्हणजे घेण्याआधी जाणकाराकडून बोट तपासून घेण्यावर, मात्र कंजूषी करू नका. माझा सर्व्हेअर फुटाला २५ डॉलर, म्हणजे साडेसातशे, आणि वर क्रेनने बोट उचलायचे साडेतीनशे वेगळे. हातात प्लॅस्टिकची हातोडी घेऊन तो अख्ख्या डेकवर टक् टक् टक् करत फिरला, जिथे टणक आवाज तिथे ठीक, जिथे बद्द आवाज आला तिथे पेन्सिलने गोल. घरी लादी पोकळ आहे का बघायला आपण वाजवतो ना, अगदी तसं. डोलकाठीच्या पायाशी दोन गोल निघाले. मग खाली केबिनमध्ये जाऊन, डोलकाठीचा भार ज्या खांबावर येतो त्याच्या बुडाशी त्याने स्क्रूड्रायव्हर टोचला. खालचं लाकूड पाण्याने भिजून मऊ होणं हा या मॉडेलचा जुना रोग आहे, आत गेला असता तर मी तिथूनच घरी गेलो असतो. नाही गेला. दुसरा रोग म्हणजे "कॅटॅलिना स्माइल", बोट वर उचलली की कील, म्हणजे बुडाखालचा तो जड पंखा, आणि बुडाच्या सांध्यात पुढच्या बाजूला एक चीर दिसते, हसल्यासारखी. खाली जवळपास १९०० किलोचं शिसं लटकतंय आणि वर चीर, ती बघून माझी बायको अजिबात हसली नाही. सर्व्हेअर म्हणाला बोल्ट चांगले आहेत, घट्ट करा, सांधा साफ करून भरून घ्या. तेच केलं, दोन सीझनमध्ये परत उघडली नाही.

बोट म्हणून कशी आहे? मस्त आहे. पावणेअकरा फुटाच्या वर रुंद, त्यामुळे आत गेलं की बोट वाटतच नाही, आमच्या डोंबिवलीच्या किचनपेक्षा ओटा मोठा आहे. चहा होतो, पोहे होतात, फक्त फोडणी देताना बाजूने मोटरबोट गेली तर गरम तेल तुमच्या दिशेने येतं, अनुभवाने सांगतोय. वारा पंधरा नॉटच्या, म्हणजे ताशी अठ्ठावीसेक किलोमीटरच्या, वर गेला की शीड लवकर आवळावं लागतं, नाहीतर सुकाणू हातात जड होतं. इंजिन युनिव्हर्सलचं एम-२५, आतला ब्लॉक कुबोटाचा, म्हणजे नाशिककडे द्राक्षबागेत ते छोटे केशरी ट्रॅक्टर फिरतात ना त्याच घरातलं. आवाज पण तसाच! पण बंद पडत नाही. एकच करा, इंजिनाच्या वायरिंगमध्ये फॅक्टरीने ट्रेलरला लावतात तसले प्लग दिलेत ते कापून टाका आणि नीट टर्मिनल बसवा. माझ्यातला एक उघडला तर आत हिरवा गंज आणि एक पिन वितळलेली.

कील मात्र आमची खोल, सव्वापाच फूट. चेसापीकची सरासरी खोली एकवीस फूट, आणि खाड्यांमध्ये तर त्याहून कितीतरी कमी, म्हणून इथे उथळ कीलवाल्याच बोटींना गिऱ्हाईक असतं. आमची स्वस्त मिळायचं ते पण एक कारण. वेस्ट रिव्हरच्या तोंडाशी दोनदा चिखलात रुतलो, चिखल मऊ असतो, काही होत नाही, फक्त मुलगी सगळ्यांना सांगत सुटते.

आणि आता मसाला. चार आण्याची कोंबडी म्हणतात ना. विमा कंपनीने सर्व्हे वाचला आणि म्हणाली डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा अजून १९८७ च्याच आहेत, बदला, मग पॉलिसी. ४,२०० गेले. मोठं शीड जुन्या चादरीसारखं झालेलं, नवीन २,७००. राज्याचा टॅक्स पाच टक्के, तो साडेनऊ हजारावर म्हणून हसत भरला. धक्क्यावरची जागा वर्षाला २,९००, हिवाळ्याचे १,६००, विमा ४८०, बॅटऱ्या आणि वायरिंगचे सहाएकशे. सर्व्हे आणि क्रेन धरून पहिल्या वर्षाचे चौदा हजार झाले, बोटीची किंमत वेगळी. म्हणून तर भाव पडतायत. धक्क्याचं भाडं, क्रेन, विमा यातलं काहीच उतरलेलं नाही, उलट वाढलंय, उतरू शकते ती फक्त बोटीची किंमत, मग तीच उतरते. हिवाळ्यात बोटी उभ्या करतात त्या आमच्या यार्डात मागच्या कुंपणाशी दोन बोटी "फुकट" अशी पाटी लावून उभ्या आहेत, एकीच्या कॉकपिटमध्ये झाड उगवलंय. त्या घेऊ नका. मोडीत काढायला पण पैसे पडतात, फायबरग्लास भंगारवाला घेत नाही.

तेव्हा रेटिंग: बोटीला साडेचार, सर्व्हेअरला पाच, ब्रोकरला अडीच. घेताना असं धरून चाला की दिलेले पैसे परत येणार नाहीत, आणि दर वर्षी किती घालू शकता तो आकडा आधी काढा, विकत घ्यायचा आकडा नंतर. तो पहिला आकडा जमत असेल तर खरंच यासारखी वेळ नाही, बसून, निवांत, तीन-चार बोटी बघून, घासाघीस करून घेता येते, मागे कोणी लाइनीत नसतं.

परवा बायकोने विचारलं, आज विकली तर किती येतील रे? आमच्याच धक्क्यावर चार जागा सोडून एक १९८९ ची आहे, उथळ कील, शिडं आमच्यापेक्षा नवी, जूनपासून पाटी लागलीय. जूनमध्ये तेरा होते, आता पाटीवर ८,५०० आहे, आणि त्याच्याखाली मार्करने लिहिलंय, बोलून घेऊ.