माथेरानला वर येऊन घोडा तपासणारे डॉक्टर : राणीच्या मागच्या पायाचा अनुभव

माथेरानला घोडा अचानक लंगडला की काय होतं ते इथल्या प्रत्येक घोडेवाल्याला माहितीये, गाडी वर येत नाही, जनावर खाली न्यायचं तर गाड्या थांबतात त्या दस्तुरीपर्यंत त्याच दुखऱ्या पायाने चालवत न्यायचं. आमची राणी सकाळी तबेल्यातून काढायला गेलो तर मागचा उजवा पाय टेकवेना, टापेचं टोक जेमतेम जमिनीला लावून उभी, आदल्या संध्याकाळी एकदम व्यवस्थित होती. म्हणून मुंबईहून येणाऱ्या घोड्यांच्या डॉक्टरांना फोन केला. नाव-नंबर असं उघडं टाकत नाही, बाजारपेठेत कुणालाही विचारा, सांगतील.

तोपर्यंत तबेल्यात सगळ्यांचं एकच, पुठ्ठ्यात, म्हणजे मागच्या मांडीच्या वरच्या भागात, मार लागलाय, उतारावर घसरली असणार, आणि एका काकांचा तर तापल्या लोखंडाने डाग देऊया म्हणून आग्रह. डॉक्टर दस्तुरीला गाडी लावून एक्सरेची पेटी माणसाच्या डोक्यावर देऊन वर आले आणि पुठ्ठ्याला लगेच हातच लावला नाही, आधी प्रश्न. नाल कधी मारली, काल काम किती झालं, त्याआधी सुट्टी होती का, घाम सुटला का, लघवीचा रंग कसा. कारण लघवी गडद तपकिरी आणि पुठ्ठे कडक झाले असतील तर तो स्नायू धरण्याचा आजार, त्यात घोडा एक पाऊलसुद्धा चालवायचा नाही. राणीचं तसं काही नव्हतं, ताप 38.2 आला, घोड्याला 37.5 ते 38.5 नॉर्मलच.

मग मागे उभं राहून तिला फक्त चार पावलं चालवलं. दुडकी अजिबात नाही, कारण पाय टेकवतच नसलेल्या घोड्याच्या हाडाला बारीक चीर असली तर पळवल्यावर ते पूर्ण तुटू शकतं. मला म्हणाले दोन्ही बाजूच्या कंबरेच्या हाडांकडे बघा, ज्या बाजूचं जास्त वरखाली होतंय तो पाय दुखरा. हे इतकी वर्षं घोड्यात काढून मला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्याची वाटी अडकली असती तर पाय सरळ मागे ताठ राहिला असता, वाकलाच नसता, आणि पायात इन्फेक्शन पसरलं असतं तर अख्खा पाय सुजून गरम झाला असता, यातलं काही नाही.

आणि मग खूर. टापेच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवून नाडी बघितली, माझंही बोट तिथे ठेवायला लावलं, उजव्या पायात ठणठण उडत होती आणि डाव्यात शोधावी लागत होती. नाल काढली, खूर दाबायच्या मोठ्या चिमट्याने कडेकडेने दाबत गेले आणि बाहेरच्या बाजूला एका ठिकाणी तिने पाय असा हिसकला की विचारू नका. तिथे सुरीने काळी रेघ खरवडत गेले तर करडा-काळा घाण वासाचा पू बाहेर. खुरात पू! खुराची भिंत कडक असते, आत पू साठला की फुगायला जागा नाही, म्हणून घोडा हाड मोडल्यासारखा लंगडतो. पावसात खूर मऊ पडतो, तळ आणि भिंत जोडणाऱ्या पांढऱ्या रेघेतून खडी-माती आत शिरते, आपल्या लाल दगडाच्या वाटांवर तर हे व्हायचंच.

भोक लहानच ठेवलं. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवायचा, वर पोटीस, त्यावर लहान मुलांचा डायपर आणि चिकटपट्टी, हे मस्त टिकतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, ते घोड्याला लवकर होतं म्हणून चुकवायचं नाही. अँटिबायोटिक दिलं नाही, पू वाहून गेला की गरज नाही म्हणाले. आणि एक्सरे वर आणलेला असूनही काढला नाही, त्याचे पैसेही लावले नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. संध्याकाळपर्यंत राणी पूर्ण पाय टेकत होती.

तक्रार आहेच. फोन पटकन उचलत नाहीत, यायला दुसरा दिवस उजाडला, येण्याजाण्याचा खर्च फीच्या वर वेगळा, आणि काय केलं ते कागदावर लिहून देत नाहीत, ते द्यायलाच हवं, पुढच्या डॉक्टरला दाखवायचं काय?

फोनवर मात्र दोन गोष्टी सांगतात त्या ऐका. यायच्या आधी दुखण्याचं इंजेक्शन देऊ नका, लंगडणं झाकलं जातं आणि जागा सापडत नाही. आणि तळव्यात खिळा दिसला तर तो उपटू नका, घोडा जागचा हलवू नका, फोटो पाठवा, कारण मधल्या मऊ त्रिकोणी भागातून घुसलेला खिळा आत सांध्यापर्यंत गेलेला असू शकतो आणि तो कुठवर गेलाय ते खिळा आत असतानाच एक्सरेत नीट दिसतं. तसं असेल तर एक्सरे पहिल्याच दिवशी. डॉक्टरांना पाचपैकी साडेचार माझ्याकडून.