ग्रॅव्हल सायकल, मुरमाची वाट आणि एक पूर्ण पावसाळा : ठाण्यातून वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या वाटांवरही चालवता येणारी जरा रुंद टायरची सायकल. आता गणपती गावाला गेले, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा तिने पाहिला. अॅल्युमिनियमची फ्रेम, शॉक नसलेला सरळ फोर्क, वाकडं हँडल, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे एकच चकती आणि ७०० बाय ४० चे, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद टायर. किंमत ६०,००० च्या आतबाहेर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीत तीन-चार कंपन्यांच्या सायकली जवळपास सारख्याच आहेत आणि मला जे सांगायचंय ते या घडणीबद्दल आहे. थोडक्यात मत असं : ठाण्यात राहून ज्याला डांबर सोडून गावाकडच्या कच्च्या वाटांवर तासन् तास चालवायचंय, त्याने शॉकवर पैसे घालू नयेत, टायरवर घालावेत.

ही सायकल घ्यायचं डोक्यात आलं ते न्यूझीलंडमध्ये. मेहुणा तिकडे असतो. त्याच्याकडे गेलो असताना ओटागो सेंट्रल रेल ट्रेल भाड्याच्या सायकलवर केला. क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किलोमीटर, जवळजवळ सगळा खडी-मातीचा. सोन्याच्या खाणींच्या त्या मुलखात रेल्वे १८९१ मध्ये मिडलमार्चला आणि १९०७ मध्ये क्लाइडला पोचली होती. १९९० मध्ये हा पट्टा बंद झाला, रूळ-स्लीपर उचलले आणि २००० साली त्याच भरावावरून सायकलींसाठी वाट खुली झाली. पूलबर्न घळीतला पूल ३७ मीटर उंच आहे. त्यावरून जाताना खाली बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. लगेच बोगदे येतात. आत दिवे नाहीत, टॉर्च जवळ हवीच. बाकी सगळीकडे पिवळं गवत, मेंढ्या आणि सुनसान जुनी स्टेशनं. ओटुरेहुआसारख्या गावात थांबून चहा प्यायचा आणि पुन्हा निघायचं.

पण मला सगळ्यात जास्त भावला तो चढ. म्हणजे चढाचा अभाव. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही. तिथे कुठेही ५० ला १ पेक्षा जास्त चढ नाही. ५० मीटर पुढे गेलात की जेमतेम १ मीटर वर. आपल्याकडे कसाऱ्याचा थळ घाट ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात. उपवनकडून येऊरला सायकलने चढणाऱ्याला या आकड्यांचं मोल कळेल, तो रस्ता कुठल्याही रेल्वेला जमणार नाही असा आहे. रेल्वेच्या जुन्या वाटेवर सायकल एका लयीत चालते. दम लागत नाही, गप्पा मारता येतात, आजूबाजूला बघता येतं. साठी ओलांडलेली जोडपी तिथे माझ्या पुढे निघून जात होती.

परत आलो आणि असं इथे कुठे मिळेल ते शोधायला लागलो. ज्या ठाण्यापर्यंत १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, त्याच्या आसपास रूळ काढून सायकलसाठी केलेली वाट नाही. आपले रूळ कामात आहेत आणि कामातच असावेत. पण तानसा-वैतरणेचं पाणी मुंबईला आणणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या भिवंडी तालुक्यातून जातात आणि त्यांच्या कडेने बऱ्याच ठिकाणी कच्चा रस्ता आहे. गावातले लोक त्याला नुसतं 'पाइपलाइन' म्हणतात. तानसा धरण १८९२ चं. तिथलं पाणी मुख्यतः उताराच्याच जोरावर येतं. वाट रेल्वेइतकी काटेकोर सपाट नाही, मधूनच नळ टेकाड चढतो आणि आपणही चढतो, पण एकूण स्वभाव तोच आहे. एका बाजूला पुरुषभर उंचीचा नळ, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. फाल्गुनात पळस पेटलेला, श्रावणात बांधावर तेरडा, तारांवर वेडे राघू. येवईच्या बाजूचे आणि पिसे-पांजरापूरकडच्या गावांतले काही तुकडे इतके सुंदर आहेत, की तिथे मला ओटागोची आठवण येत नाही. एक मात्र पाळायचं. जिथे प्रवेश बंदचा फलक किंवा फाटक असेल तिथून मागे फिरायचं, रखवालदाराशी वाद घालायचा नाही. हा मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा मार्ग आहे, आपलं मैदान नाही.

आता सायकल.

दुकानातून आली तेव्हा टायरमध्ये ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेली होती. दुकानदाराला वाटलं, सायकल हलकी पळावी. डांबरावर पळालीही. पण मुरमावर गेल्यावर प्रत्येक खडा मनगटात कळायला लागला आणि पुढचं चाक सुट्या खडीवर इकडे-तिकडे उड्या मारू लागलं. घरी येऊन हवा कमी करत गेलो. माझं वजन ७८ किलो, पाठीवर काही नाही, हँडलला छोटी पिशवी. ट्यूब असताना पुढे ३८ आणि मागे ४२ च्या खाली जाता येत नव्हतं, कारण दगडावर आपटलं की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस केल्यावर, म्हणजे आतली ट्यूब काढून हवा थेट टायरमध्येच भरल्यावर, पुढे ३० आणि मागे ३४ वर स्थिरावलो. पावसात आणखी दोन-तीन कमी. एवढ्या फरकाने सायकल बदलते म्हणजे अक्षरशः बदलते. टायर दगडावर आपटून उसळत नाही, दगडाला सामावून घेतो. चाक जमीन सोडत नाही, त्यामुळे पकड राहते, ब्रेक लागतो, वळण घेता येतं. कमी हवेने डांबरावर वेग फार पडेल अशी भीती होती. पडतो, पण जाणवेल न जाणवेल इतका. म्हणून सांगतो, सायकलबरोबर पहिली वस्तू घ्यायची ती हवेचा काटा असलेला फ्लोअर पंप. बोटाने दाबून बघणं इथे चालत नाही, ३० आणि ४० मधला फरक बोटाला कळत नाही.

ट्यूबलेसचा दुसरा फायदा काट्यांचा. भिवंडीकडच्या बांधांवर बाभळी आहेत आणि त्यांचे काटे ट्यूबला सोडत नाहीत. टायरमध्ये ओतायचं दुधासारखं सीलंट असतं, ते काट्याचं भोक आतून आपोआप बुजवतं. फसफस आवाज येतो, दोन-चार थेंब बाहेर येतात आणि थांबतं. परत आल्यावर मी टायरमधून काटे उपटून काढतो, कधी कधी मूठभर निघतात. पण आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं. पाकिटावर सहा महिने लिहिलेलं असलं तरी मी तीन महिन्यांनी व्हॉल्व काढून बघतो, आणि उन्हाळ्यात तर तीन महिनेही टिकलं नाही. ४० च्या टायरला ६० मिली पुरतं. टायरची बाजू दगडाने चिरली तर सीलंटचा उपयोग नाही, त्यासाठी चीर बुजवायला रबराच्या वाती आणि एक जादा ट्यूब पिशवीत असतेच. आणि पितळी अडॅप्टर. आठ आण्याच्या नाण्याहून लहान वस्तू आहे, पण या सायकलीच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्ववर पंक्चरवाल्याचा पंप त्याच्याशिवाय बसत नाही. एकदा हायवेवरच्या पंक्चरवाल्याने चाक फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, यात ट्यूबच नाही?" मग दोघं मिळून आम्ही अडॅप्टर लावून हवा भरली. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

गिअरबद्दल फार लिहीत नाही. पुढे ४० दात्यांची एक चकती, मागे ११ ते ४२. पाइपलाइनला पुरून उरतं, येऊरला शेवटच्या गिअरवर जीव काढून चढतं. पुढे ३८ असती तर बरं झालं असतं. पुढचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नसणं पावसाळ्यात फार सोयीचं. चिखल भरायला एक जागा कमी.

पावसाळा मात्र सविस्तर लिहायला हवा, कारण या सायकलींबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या देशांतलं असतं. मुरूम ओला झाला की उलट छान दबतो आणि त्यावर चालवायला मजा येते. भाताच्या खाचराची माती तशी नाही. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर ती चाकांबरोबर वाटेवर आणून टाकतात. ती टायरला चिकटते, टायर ती मडगार्डच्या आत नेऊन ठासतो आणि दहा-वीस फेऱ्यांत चाक फिरायचंच बंद होतं. माझ्या फ्रेमला मडगार्डसकट टायरच्या कडेने जेमतेम बोटभर जागा आहे. मग काठीने माती कोरायची, शंभर पावलं चालायचं, पुन्हा कोरायचं. शेवटी जुलै-ऑगस्टसाठी मागचं लांब मडगार्ड काढून सीटखाली लावायचं आखूड प्लॅस्टिकचं लावलं. पाठीवर चिखलाचा पट्टा येतो, पण सायकल चालते.

ब्रेकच्या पॅडवर पाऊस फार महाग पडतो. रेझिनचे मूळ पॅड कोरड्या ऋतूत जेमतेम झिजले होते, आषाढ संपायच्या आत धातूपर्यंत गेले. ओली रेती पॅड आणि डिस्कच्या मध्ये सापडते आणि घासत राहते. आता धातूमिश्रित पॅड घातलेत. ओले असताना ओरडतात, पण टिकतात. तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजला की आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून त्याला डिस्कजवळ आणावं लागतं, हे काम दुकानदाराकडून एकदा समोर बसून शिकून घ्यावं. पावसात दर रविवारी करावं लागतं. साखळीला कोरडं तेल पावसात एक फेरीसुद्धा टिकत नाही, ओल्या हवेसाठीचं घट्ट तेल लागतं आणि ते मातीही धरून ठेवतं, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पुसायचं. सायकल धुवायला गाड्या धुणाऱ्याकडे नेऊ नका. तो जोरदार फवारा बेअरिंगच्या सीलच्या आत पाणी घालतो. बादली, मग आणि जुना टूथब्रश एवढंच मी वापरतो. तरीही श्रावणात मागचं हब उघडलं तेव्हा आतलं ग्रीस पांढुरकं झालं होतं. पावसाळा संपला की हब, हेडसेट (हँडल फिरतं तिथली बेअरिंग) आणि पेडलच्या दांड्याची तळची बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरणं हे आपल्याकडे वर्षाचं ठरलेलं काम समजावं.

शॉक नसल्याचा त्रास होतो का, हे सगळे विचारतात. मोठ्या दगडांच्या उतारावर होतो. तिथे ही सायकल न्यायचीच नाही. पाइपलाइनवर, मुरमावर, नदीकाठच्या बैलगाडीच्या चाकोरीवर टायर पुरतो. या किमतीत जो शॉक मिळतो तो दोन-अडीच किलो लोखंड आणि स्प्रिंगच असतो, आणि एका पावसाळ्यात गंजून अडकतो. साठ किलोमीटरच्या पुढे तळहात मुंग्यायला लागतात, हे खरं. त्यावर हँडलला टेपचे दोन थर दिले आणि हँडल दोन सेंटिमीटर वर घेतलं. आता त्रास निम्म्याहून कमी आहे.

सर्वांत वाईट भाग आहे तो वाटेपर्यंत पोचण्याचा. बाळकुमवरून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा, सगळी गोदामांची रांग आणि कंटेनर. या रस्त्यावर सायकलस्वाराला कोणी मोजत नाही. मी पहाटे पाचला निघतो, पुढे-मागे दिवे आणि अंगावर परावर्तक जाकीट घालून, आणि उजाडताना भिवंडीच्या पलीकडे असतो. उशीर झाला तर सायकल गाडीत टाकून पडघ्यापर्यंत नेणं मी कमीपणाचं मानत नाही. येऊरला डांबरी रस्ता सोडत नाही. आतल्या पायवाटा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात, बिबट्याचा तो मुलूख आहे, परवानगीशिवाय आणि तिन्हीसांजेला तिथे चाक घालू नये. नवी मुंबईतल्या मित्रांबरोबर पाम बीच रोडने गेलो, सायकल छान पळते, पण तेवढ्यासाठी ही घ्यायची गरज नाही, साधी हायब्रिड स्वस्तात तेच काम करते.

मग घ्यावी कोणी? ज्याला आठवड्यातून एकदा तरी गावाकडे जायचंच आहे, आणि परत आल्यावर अर्धा तास सायकल पुसायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावी. दुकानात फ्रेमची मापं विचारताना टायरला किती जागा आहे ते आधी विचारावं, रंग आणि गिअर नंतर. माझ्या फ्रेमला ४५ पर्यंत टायर बसतो, मडगार्डसकट ४०. मूळ टायरचे मधले खाचे आता सपाट झालेत. त्यामुळे दिवाळीत ४५ ची जोडी मडगार्डशिवाय घालणार, आणि ज्येष्ठ लागला की पुन्हा ४० वर येणार.