नवेगावबांधला जाताय तर गावातला गाईड घ्याच

फेब्रुवारी-मार्चमध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तलावावर पक्षी बघायला गेलात तर गावातलाच गाईड घ्या, एकदम पैसावसूल. आम्हाला भेटलेला भाऊ लहानपणापासून याच तलावात मासे धरणारा, त्यामुळे दुर्बीण न लावताच सांगतो की ते तलवार बदक, नर आहे, शेपटी बघा किती लांब. पट्टकादंब, म्हणजे हिवाळ्यात येणारे रानहंस, तेव्हा परतीच्या तयारीत असतात, हिमालय ओलांडून जातात ते, काठावर गवत खात होते तर डोक्यावरचे दोन काळे पट्टे एकदम क्लिअर दिसले. पण खरी मजा तलावाबाहेर, उन्हाळी धानाच्या पाणी भरलेल्या बांध्यांत (शेताच्या वाफ्यांत), तिथं सारसाची जोडी चिखलात चोच खुपसत फिरत होती, पाच फुटांच्या आसपास उंची, लालभडक मान, आणि भाऊनं आम्हाला लांब धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावर, थांबवलं, एक पाऊल पुढं जाऊ दिलं नाही. हे मला खूप आवडलं, महाराष्ट्रात सारस आता जवळपास गोंदिया जिल्ह्यापुरताच उरलाय ना. मुक्कामाची खोली मात्र ठीकठाकच, गरम पाणी सांगूनही आलं नाही. साडेचार स्टार. आणि उजाडताच तलावावर पोचा, उन्हं चढली की बदकं पार तलावाच्या मधोमध सरकतात.