ईसीजी घेणारं घड्याळ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी हे घड्याळ घेतलं. यवतेश्वरचा घाट आठवड्यातून तीनदा, आणि रोज सकाळी चहाच्या आधी बटणावर बोट टेकवून तीस सेकंदांचा ईसीजी, हा नेम. सुरुवातीला ठोके ६४ यायचे, पाचव्या महिन्यात ४८.

त्याच महिन्यात एका रात्री दोन वाजता ठोके फार कमी झाल्याचा इशारा वाजला. मी गाढ झोपेत होतो. बायकोचा मात्र सकाळपर्यंत डोळा लागला नाही. सकाळच्या ईसीजीवर निष्कर्षच आला नाही. ठोके ५०च्या खाली असले की हे घड्याळ निकाल देत नाही. पळणाऱ्यांसाठी म्हणून विकलेल्या वस्तूत ही मोठी उणीव आहे.

आलेख मात्र स्वच्छ येतो. छापून चौकोन मोजले. एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. पी लाटेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या विद्युत संदेशाची छोटी लाट) सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंत (खालच्या कप्प्यांची उंच टोकदार लाट) पाच चौकोन ओलांडले होते, म्हणजे २००च्या वर. याला फर्स्ट डिग्री ब्लॉक म्हणतात. 'ब्लॉक' वाचून पोटात गोळा आला.

हृदयरोगतज्ज्ञांनी बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारा, ईसीजी काढला, त्यात २१२ आले. मग दोन मिनिटं जागच्या जागी पळायला लावून लगेच पुन्हा काढला, तर १६४! त्यांनी समजावलं : सरावाने व्हेगस नर्व्हचा, म्हणजे हृदयाची गती कमी करणाऱ्या मज्जातंतूचा, लगाम घट्ट होतो, त्यामुळे ठोके मंदावतात आणि वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विद्युत संदेश जरा थांबून जातो. पळायला लागलं की लगाम सैल. खेळाडूंच्या ईसीजीसाठीचे २०१७चे आंतरराष्ट्रीय निकष, काही त्रास नसेल तर, ३०पर्यंतचे ठोके आणि ४०० मिलिसेकंदांपर्यंतचा हा उशीर सरावाचाच परिणाम मानतात.

पण चक्कर, छातीत दुखणं, पळताना शुद्ध हरपणं यांतलं काहीही झालं तर घड्याळाकडे बघत बसू नका. त्याला एकच लीड दिसते. छातीवरच्या लीडमधली उलटी टी लाट (क्यूआरएसनंतर येणारी लाट), जी सरावाच्या खात्यात सहसा टाकता येत नाही, त्याच्या नजरेला पडतच नाही. हार्ट अटॅकही ते ओळखत नाही.

घाट चढून घामेजल्या हाताने काढलेला आलेख नुसता थरथरतो. हात पुसून, टेकून बसून काढावा लागतो. रात्रीचा इशारा आता ४०वर ठेवलाय, डॉक्टरांना विचारूनच. त्यानंतर तो एकदाही वाजलेला नाही.