डिस्क गेली तर: डेडिकेटेड सर्व्हर की क्लाउड?

गिऱ्हाइकांच्या वेबसाइट मी आधी भाड्याच्या डेडिकेटेड सर्व्हरवर, म्हणजे डेटासेंटरमधल्या अख्ख्या एका मशीनवर, ठेवायचो. आता बहुतेक सगळ्या ॲमेझॉन क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये ईसी२ वर, म्हणजे भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर, आहेत. कोअर, रॅम, दरांचे तक्ते तुम्ही चाळले असतीलच. माझा निर्णय झाला तो हार्डवेअर बिघडल्यावर काय निस्तरावं लागतं यावरून.

डेडिकेटेडवर रेड-१ (दोन डिस्कवर तोच डेटा) असेल तर एक डिस्क गेली तरी साइट चालू राहते. रेडची स्थिती दाखवणाऱ्या लिनक्सच्या एमडीस्टॅट फाइलमध्ये दोन ‘यू’ऐवजी एक ‘यू’ आणि शेजारी रेघ दिसते, एवढंच. खरा वैताग नंतर. डेटासेंटरवाले गेलेल्या डिस्कचा सिरियल नंबर मागतात, आणि पार मेलेली डिस्क तो नंबर वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडला दादच देत नाही. मग चालू डिस्कचा नंबर कळवून ‘ही सोडून दुसरी काढा’ असं तिकिटात लिहायचं. तिकडच्या माणसाने घाईत चांगलीच डिस्क ओढली तर चालू साइट जागेवर बंद. ते तिकीट पाठवल्यावर उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. नवी डिस्क बसली तरी काम संपत नाही: पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) चालू डिस्कवरून उतरवून घ्या, ॲरेत (रेडच्या जोडीत) जोडा, ग्रब (मशीन सुरू करणारा बूटलोडर) नव्या डिस्कवरही टाका. ग्रब राहिलं तर पुढे जुनी डिस्क गेल्यावर मशीन बूटच होत नाही. रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटाची नक्कल, होईस्तोवर सगळा भार उरलेल्या एका डिस्कवर, आणि तीही बहुधा गेलेलीच्याच वयाची. मदरबोर्ड गेला तर रेड काहीच कामाची नाही.

ईसी२ वर खालचं मशीन बिघडलं की सिस्टिम स्टेटस चेक (ॲमेझॉनची आपोआप चालणारी तपासणी) फेल दिसतो. इन्स्टन्स (आपलं व्हर्च्युअल मशीन) स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केला की तो सहसा दुसऱ्या होस्टवर (खालच्या मशीनवर) उठतो, ईबीएसवरचा (नेटवर्कवरून जोडलेल्या वेगळ्या डिस्कवरचा) डेटा जसाच्या तसा. नुसत्या रीबूटने होस्ट बदलत नाही, हे लक्षात ठेवा. इलॅस्टिक आयपी (न बदलणारा पत्ता) आधीच लावून ठेवा, नाहीतर पब्लिक आयपी बदलतो आणि डीएनएसमधली (साइटचं नाव आयपीशी जोडणारी) नवी नोंद सगळीकडे पोचेपर्यंत गिऱ्हाइकांचे फोन घेत बसावं लागतं. इन्स्टन्स स्टोअरवर (होस्टमध्येच बसवलेल्या डिस्कवर) मात्र जपावं असं काही ठेवू नका. स्टॉप केलं की ते गेलं.

बॅकअपला दोन्हीकडे पर्याय नाही, आणि तो दुसऱ्या गावात हवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली, तेव्हा बॅकअप त्याच आवारात असलेल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला.

पैशाच्या हिशेबात डेडिकेटेड अजूनही उजवा पडतो, हे मान्य. मोठा डेटाबेस असेल आणि रात्री-अपरात्री एमडीॲडम (रेड सांभाळायची लिनक्स कमांड) हाताळणारा माणूस हाताशी असेल, तर तो घेणं चूक नाही. पण मग एकावर थांबू नका. दुसरा वेगळ्या डेटासेंटरमध्ये घ्या, त्यावर डेटाबेसची रेप्लिका (सतत अद्ययावत होणारी प्रत) चालू ठेवा, आणि दोन्हींचं भाडं धरूनच क्लाउडच्या बिलाशी तुलना करा.