क्लच बदललाच नाही, ब्रेक ऑइलही नाही, पैसे मात्र १,६८० पौंड

इंग्लंडात जुनी, जोरदार गाडी हौसेने सांभाळणाऱ्या आपल्या लोकांनी हे नीट वाचावं. मिडलंड्समधल्या एका ‘परफॉर्मन्स स्पेशालिस्ट’ म्हणवणाऱ्या गॅरेजने मला १,६८० पौंडांना गंडवलं. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण पद्धत सगळी लिहितो, कारण ही पद्धत एकट्या त्याच गॅरेजची असेल असं मला वाटत नाही.

गाडी २००५ ची मिनी कूपर एस, आर५३ हे त्या मॉडेलचं कोडनाव. १.६ लिटरचं इंजिन, त्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), कंपनीतून १७० हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाने सुपरचार्जरची पुली १५ टक्के लहान बसवलेली, त्यामुळे तो जास्त वेगाने फिरतो आणि ताकद थोडी जास्तच. क्लच मूळचाच होता. डॉनिंग्टन पार्क या रेस ट्रॅकवरचा ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, बुक केला होता, तेव्हा त्याआधी क्लच आणि ब्रेक ऑइल दोन्ही चांगल्या प्रतीचं करून घ्यावं, एवढाच विचार. यात काही वेडेपणा नव्हता. ट्रॅकवर जाणारा कुठलाही शहाणा माणूस हेच करतो.

गॅरेजवाल्याने दिलेलं कोटेशन असं: मजबूत क्लच किट ४२०, सिंगल मास फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) ३८०, मजुरी ६४०, रेसिंगचं ब्रेक ऑइल आणि ब्लीडिंग (नळ्यांतून जुनं ऑइल आणि हवा काढून टाकणं) १४५, स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज (ऑइलच्या लवचिक नळ्या) ९५. एकूण १,६८०, वर २० टक्के व्हॅट, म्हणजे २,०१६. मग म्हणाला, कार्ड नको, बँक ट्रान्सफर करा, व्हॅटएवढी रक्कम मी सोडतो. ३३६ पौंड वाचत होते. दुकानात रांगेने चार गाड्या उभ्या, भिंतीवर व्यापारी संघटनेच्या सभासदत्वाचं स्टिकर, माणूस बोलायला गोड आणि आर५३ ची त्याला बारीकसारीक माहिती. मी ट्रान्सफर केलं. माझ्या जागी कुणीही केलं असतं.

इथेच पहिला फास होता. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार धरता येते. अट एवढीच की वस्तूची किंवा कामाची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत असावी. हा माणूस सवलत देत नव्हता. माझ्या हातातलं एकुलतं एक हत्यार तो ३३६ पौंडांना विकत घेत होता. बँक ट्रान्सफरवर जो कुणी सूट देईल, त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. गाडी घ्यायला गेलो. बॉनेट उघडून त्याने ब्रेक ऑइलची टाकी दाखवली. आत स्वच्छ, फिकट सोनेरी द्रव. ‘बघा, नवं कोरं.’ आर५३ मध्ये क्लचलाही त्याच टाकीतून ऑइल जातं, तेव्हा एका ब्लीडिंगमध्ये दोन्ही कामं झाली, असंही सांगितलं. ते खरंच आहे. म्हणूनच पटलं. मग मी जुना क्लच आणि फ्लायव्हील मागितलं. तो म्हणाला, भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. आणि गाडी सुरू केली तर काही आवाज नाही.

आवाज नाही! सिंगल मास फ्लायव्हील बसवलं की या गाडीचा गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये खडखडतो, क्लच दाबला की खडखड थांबते. मूळचं ड्युअल मास फ्लायव्हील ती कंपनं आतल्या स्प्रिंगांमध्ये जिरवतं, म्हणून शांत असतं. हे मला माहीत होतं. मी विचारलंसुद्धा. त्यावर उत्तर: ‘स्वस्तातली खडखडतात, आम्ही भारी वापरतो.’ ज्या माणसाने त्याच आठवड्यात माझ्या गाडीचं पोट उघडलंय, असं सांगितलंय, त्याच्या तोंडावर खोटारडा म्हणायला पुरावा लागतो. माझ्याकडे फक्त शांतता होती. क्लच जिथे पकडतो तो पिकअपही आधी होता तिथेच होता. नव्या क्लचला थोडं चालवावं लागतं, मग जाणवेल, असं सांगून त्याने तेही झटकलं.

डॉनिंग्टनला पहिल्याच सत्रात, स्टार्कीज स्ट्रेटच्या शेवटी एसेस या नागमोडी वळणांसाठी ब्रेक दाबला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. मधे काहीच नाही, स्पंजही नाही. भराभर पंप केल्यावर अर्धवट ब्रेक लागला आणि गाडी गवतात जाऊन थांबली. पुढे कुणी नव्हतं, म्हणून मी हे लिहायला शिल्लक आहे. ट्रॅक डेचे १८९ पौंड तिथेच बुडाले, पण त्याचं मला काही नाही. गार झाल्यावर पेडल परत वर आलं, यावरूनच काय झालं ते कळतं: ऑइल उकळलं, वाफ झाली, आणि वाफ दबते.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवली. तिथल्या मेकॅनिकने मला खाली बोलावलं आणि टॉर्च मारून कॅलिपरच्या, म्हणजे चाकाजवळ ब्रेक आवळणाऱ्या भागाच्या, ब्लीड निपलवरची (ऑइल बाहेर काढायचं बारीक तोंड) रबरी टोपी दाखवली. तिच्यावर ब्रेकच्या काळ्या धुळीचा अखंड थर, आणि निपलच्या कडांवर गंज. पान्ह्याचा एक ओरखडाही नाही. चारही चाकांना तेच. निपल उघडल्यावर नळीतून उतरलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. टेस्टरने त्याचा उत्कलनबिंदू १७८ अंश दाखवला. डॉट ४ या प्रतीच्या नव्या साध्या ऑइललासुद्धा किमान २३० लागतो. म्हणजे वरच्या टाकीतलं जुनं ऑइल पिचकारीने काढून नवं ओतलं होतं, आणि खालच्या नळ्यांत वर्षानुवर्षांचं पाणी प्यालेलं तसंच. बिलावर कॅस्ट्रॉल एसआरएफ लिहिलेलं, ज्याचा कोरडा आकडा, म्हणजे नव्या, पाणी न शोषलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू, ३०० च्याही वर आहे. होज मात्र खरेच बसवले होते. ते चाकाआडून दिसतात ना! आणि होज बदलले तर ब्लीडिंग आलंच की, असं मीच त्या मेकॅनिकला म्हणालो. तो म्हणाला, जोडाशी थोडी हवा सोडून तेवढ्यापुरतं भागवलंय, निपलला हात लावलेला नाही.

मग सबफ्रेमचे बोल्ट. या गाडीचा क्लच काढायचा तर पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालची चौकट, सैल करून खाली घ्यावी लागते. त्या बोल्टांवर जुन्या काळ्या लेपाचा थर जसाच्या तसा होता. शेवटी गिअरबॉक्स उतरवला. आत मूळचं ड्युअल मास फ्लायव्हील आणि रिव्हेटपर्यंत घासलेली मूळची क्लच प्लेट. तपासणीचे ९०, क्लचचं खरं काम १,१४०, ऑइल आणि ब्लीडिंग १३०. पुन्हा १,३६० पौंड.

ऑइलबद्दल दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण ‘सुपरचार्ज्ड गाडीला खास ऑइल लागतं’ हे वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं. ब्रेक ऑइलला सुपरचार्जर कळत नाही. त्याला कळते ती उष्णता, म्हणजे गाडीचं वजन आणि तुम्ही कुठल्या वेगावरून ब्रेक मारता ते. रस्त्यावरच्या गाडीसाठी बाटलीवरचा मोठा, कोरडा आकडा बघून भुलू नका, ओला आकडा, म्हणजे ऑइलने पाणी शोषल्यानंतरचा, विचारा. डॉट ४ ला तो किमान १५५, डॉट ५.१ ला १८०. डॉट ५ हे सिलिकोनचं आहे, ५.१ शी त्याचा संबंध नाही, दोन्ही मिसळू नका. बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिकामी बाटली घरी न्या. वर्षातून एकदा बदला, ट्रॅकवर जात असाल तर त्याआधीही.

आता तक्रारीचा प्रवास. बँक म्हणाली, घेणारा माणूस खरा आहे, धंदा खरा आहे, काहीतरी काम झालंय, म्हणजे ही फसवणूक नाही, ग्राहक आणि व्यापाऱ्यातला वाद आहे. पोलिसांनी एक क्रमांक दिला आणि सांगितलं की हे दिवाणी आहे. ब्रेक न लागता माणूस मेला असता तरी दिवाणीच का, असं विचारलं तर समोरून तेच वाक्य पुन्हा. ग्राहक हेल्पलाइनवर तासभर संगीत ऐकल्यावर कळलं की माहिती पुढे ‘नोंदीसाठी’ पाठवली जाईल, वैयक्तिक प्रकरणात कुणी हस्तक्षेप करत नाही. मग ती नोंद कशासाठी? किती जणांचे ब्रेक गेले की ती फाइल उघडतात? स्टिकरवाल्या व्यापारी संघटनेने कळवलं की हे गॅरेज आता सभासदच नाही. मग स्टिकर अजून भिंतीवर कसं, तर ते काढायला लावणं त्यांच्या कक्षेत येत नाही. प्रत्येकाने नम्रपणे ऐकलं, प्रत्येकाने पुढच्याचा नंबर दिला, आणि शेवटच्याने पुन्हा पहिल्याचा. जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाचं दुकान आजही सकाळी साडेआठला उघडतं.

मी २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचा आधार घेऊन दाव्याआधीची नोटीस पाठवली. उत्तर आलं की काम ठरल्याप्रमाणे झालंय आणि दुसऱ्या गॅरेजने गाडीला हात लावल्यामुळे आता काही सिद्ध होत नाही. म्हणून सांगतो, संशय आला की काहीही खोलण्याआधी फोटो, खोलताना व्हिडिओ, आणि मेकॅनिकचा सहीचा लेखी अहवाल. माझ्याकडे निपलच्या टोप्यांचे आणि बोल्टांचे फोटो आहेत. नशीब, त्या मेकॅनिकनेच आधी मोबाइल काढायला लावला.

जुने पार्ट परत हवेत हे काम देतानाच ईमेलवर लिहून घ्या. गाडी सोडताना सबफ्रेमच्या बोल्टांवर आणि निपलवर रंगाचा बारीक ठिपका मारून ठेवा. मालकाचं नाव कंपनीज हाउस या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या साइटवर फुकट शोधता येतं. मी नंतर शोधलं, तर याच माणसाच्या आधीच्या दोन कंपन्या बंद झालेल्या दिसल्या. नोटीस मिळाल्यावर त्याने तिसरीही बंद करण्याचा अर्ज टाकला. ज्याचे पैसे अडकलेत त्याला अशा अर्जाला हरकत घेता येते, हे मला कुठल्याही हेल्पलाइनने सांगितलं नाही, मी स्वतः वाचून काढलं. पुरावा जोडून हरकत नोंदवली आणि कंपनी बंद करणं तूर्त थांबलं. १०,००० पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो. तो लावला आहे, तारीख अजून पडलेली नाही.

मिडलंड्समध्ये कुणी अलीकडे बँक ट्रान्सफरवर ‘व्हॅट सोडून’ क्लच बदलून घेतला असेल, तर आधी गाडी रॅम्पवर चढवून ब्लीड निपल बघा, आणि ते बघेपर्यंत ती गाडी जोरात चालवू नका.